घोड्यावरचे बाबा

माझ्या नवऱ्याला, विलासला, देवांची चौकशी करायची खोड लागली ती इथे, कार्ल्सरूहेत. ऑफिसातलं जर्मन सुधारावं म्हणून फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्यांच्या शाळेत, संध्याकाळच्या वर्गाला नाव घालायला गेला, तर भाषेचा वर्ग भरलेला. मग या शहाण्याने जुन्या ग्रीक विचारांचा घेतला. जर्मन होतं तिथंच राहिलं आणि आमच्या घरात एक ग्रीक येऊन बसला. त्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही. त्याचं म्हणणं, देव म्हणजे मुळात माणसंच. झ्यूस हा एक राजा होता, पराक्रम केले, मेला, क्रीट बेटावर पुरला, मग लोकांनी त्याला देव केला. कुठल्याशा दूरच्या बेटावर हे सगळं सोन्याच्या खांबावर कोरलेलं आपण स्वतः पाहिलं, असंही तो ठोकून द्यायचा.

ऐकायला मजा वाटते हो. पण हेच गणपतीत, मंडळाच्या हॉलमध्ये, हातात आरतीचं तबक असताना सुरू झालं तर? "आल्झो, लॉजिकली बघा," एवढं कानावर पडलं की बायका मोदकांची ताटं उचलून चालू लागायच्या. डोळे वटारून वटारून मी दमले.

तसा माणूस साधा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतो आणि तेच घरी घेऊन येतो, एवढंच. रविवारी मात्र सगळं बाजूला ठेवून पुण्याला फोन. वर्षानुवर्षं सुरुवात एकच: "बाबा, जेवलात का?" माझे सासरे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. "तू जेवलास का ते सांग," असं ते दटावायचे आणि मग दोघं पोटभर भांडायचे. एका हिवाळ्यात ते अचानक गेले. बर्फामुळे विमानं रद्द झाली, आणि विलास पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो रडला नाही. परत आला आणि त्या ग्रीकाच्या आणखीच नादी लागला.

वर्षश्राद्ध झाल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या त्या रुमालात बाबांचा टाक गुंडाळून. आमच्या सासरी गेलेल्या कर्त्या माणसाची आकृती चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवून घेतात आणि मुलाने ती आपल्या हाताने देवघरात बसवायची, देवांच्या शेजारी. पुण्यातलं घर आता आवरायचं होतं, सासूबाई बहिणीकडे राहायला जाणार होत्या. परत जाण्याआधी यांची सोय लागू दे, एवढंच त्यांचं मागणं.

विलासने टाक हातात घेतला आणि हसत सुटला. सोनाराकडे ठसा एकच, त्यामुळे बाबा घोड्यावर, हातात तलवार. म्हणाला, बाबांना जन्मात स्कूटर धड स्टँडला लावता आली नाही, आणि हे काय? गेनाऊ, अगदी असेच देव तयार होतात. दोन पिढ्या गेल्या की म्हणतील, आमचे पणजोबा लढवय्ये होते. मी नाही बसवणार.

झालं. बाबा घोड्यासकट माझ्या मसाल्याच्या डब्यांपाशी येऊन पडले. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, हा रोज झ्यूसला उकरून काढायचा, आणि मधल्यामधे माझं डोकं उठायचं. अरे बाबा, चांदीचा एवढासा पत्रा तो, ठेव ना, तुझ्या ग्रीकाच्या बापाचं काय जातंय, असं मी एकदा ओरडलेही. तर मला सोन्याचा खांब पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागला.

सासूबाई निघणार तो रविवारच होता. बॅगा दाराशी, वरणभात टेबलावर, आणि याचं पुन्हा तेच: आई, देव म्हणजे मेलेली माणसं, बाकी काही नाही.

"मला कुठे नाही पटत?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर हे तिथे बसायचे. मग तू का अडवतोस?"

विलासने ताट बाजूला सारलं. या वेळी लॉजिकली नाही, गेनाऊ नाही. मग खाली बघत म्हणाला, "तिथे बसवले की ते गेलेच ना, आई. मी त्यांना गेलेलं पाहिलंच नाहीये."

असा राग आला मला! एवढं सांगायला ग्रीसपर्यंत जायची काय गरज होती? झ्यूस काय, क्रीट काय, आणि पोटात हे! जगासमोर अक्कल पाजळली, पण घरात बायकोला एक शब्द नाही. मी उठून ओट्याकडे गेले, कारण माझेच डोळे भरून आले होते.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याने डब्यांपाशी येऊन रुमाल उचलला आणि कपाटाच्या खणातल्या आमच्या देवघरापुढे जाऊन बसला. टाक तळहातावर घेतला.

"बाबा," तो म्हणाला, "जेवलात का?" आणि मग त्याला रडू आवरेना.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले, तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. "अरे, आधी आंघोळ तर घाल त्यांना," त्या म्हणाल्या. "जेवणाचं मग विचार."