टबातल्या कार्पला सोबत

वेंदुलाबाईंकडून मासा विकत घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यातलाच प्रकार. पीसेक गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी माशांचा बाजार भरतो. घरी वाढवलेले मासे लोक काकडीच्या लोणच्याच्या मोठमोठ्या बरण्यांतून घेऊन येतात, थंडीच्या दिवसांत बरणीला जुना लोकरी स्वेटर घालतात आणि टेबलं मांडून बसतात. बाकीच्यांकडे गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, मासा घेऊन जातं. वेंदुलाबाईंकडे आधी चौकशी. टाकी केवढी? झाडं लावलीत की नुसतेच दगड? आणि मुख्य म्हणजे, आधीपासून घरात कोण कोण आहे? उत्तर मनासारखं आलं नाही, की बाई तोंडावर सांगणार, ‘नाही जमायचं,’ आणि थर्मासमधला रम घातलेला चहा ओतून घेणार.

ही काही शिष्टपणाची गोष्ट नव्हे. बाईंचा उभा जन्म बालवाडीत गेला. कोणाशेजारी कोणाला बसवलं म्हणजे दुपारपर्यंत चावाचावी होणार नाही, हे त्यांना पोरांच्या तोंडाकडे बघून कळायचं. निवृत्त झाल्यावर तीच नजर माशांकडे वळली. टायगर बार्ब दिसायला देखणा, पण दुसऱ्याचे लांब पंख कुरतडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एंजल मासा लहान असतो तोवर गरीब गाय, आणि मोठा झाला की बारके निऑन मासे मटकावून वर साळसूदपणे फिरतो. तळाशी राहणारे कोरी मात्र खरे मनमिळाऊ. फक्त त्यांना एकटंदुकटं ठेवायचं नाही, घोळका लागतो, आणि मिशा सोलवटू नयेत म्हणून खाली मऊ वाळू लागते. हे कोरी चक्क डोळा मिचकावतात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला भास झाला.

शेजारच्या टेबलावर गप्पी विकणारा स्लावेक म्हणायचा, की वेंदुलाबाईंनी माणसांच्या सोयरिकी जुळवल्या असत्या तर गावातली निम्मी भांडणं मिटली असती. बाई म्हणायच्या, माणसांच्या भानगडीत पडायला मला वेड लागलंय का?

आणि पडल्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, बाहेर भुरभुर बर्फ पडत असताना, कानटोपी हातात घेऊन एक उंच, वाकलेला म्हातारा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. नाव रादोवान. रेल्वेत सिग्नलवर होता, आता घरीच. त्याला सोबत हवी होती, म्हणजे त्याच्याकडच्या माशाला. बाईंनी विचारलं, मासा कुठला?

‘‘कार्प आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बाथटबमध्ये असतो.’’

स्लावेकच्या घशात चहा अडकला. आजूबाजूची दोन टेबलं खो खो हसली. हसणारच ना! नाताळचा कार्प आमच्या चेक मुलखात घरोघरी टबात येतो. दोन दिवस पोरं त्याला पाव चारतात, नाव ठेवतात, आणि नाताळच्या संध्याकाळी तो बटाट्याच्या सॅलडबरोबर ताटात असतो. फेब्रुवारीत तो टबात कशाला असेल? पण वेंदुलाबाई हसल्या नाहीत, कारण म्हातारा हसत नव्हता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोव्हेंबरात त्याची बायको गेली. डिसेंबरात तो नेहमीसारखा चौकात गेला, कार्पवाल्याच्या हौदासमोर रांगेत उभा राहिला. कार्पवाल्यानं नेहमीचाच प्रश्न विचारला, मारून देऊ की जिवंत? आणि हा नेहमीसारखा ‘जिवंत’ म्हणून बसला. वर्षानुवर्षं हेच म्हणत आला होता, कारण बायकोला मासा घरी मारलेलाच लागायचा, आणि मारायचीही तीच. पिशवीतला मासा तंगड्या झाडणाऱ्या पोरासारखा उसळ्या मारत होता, आणि दाराचं कुलूप उघडताना याच्या लक्षात आलं, की आत कोणीच नाही.

तेव्हापासून कार्प टबात होता आणि म्हातारा स्वैपाकघरातल्या बेसिनपाशी अंग पुसून घेत होता. मासा आता त्याला ओळखायचा. दार वाजलं की कडेला यायचा, हातातून पाव घ्यायचा. रादोवान दुकानात गेला की मात्र तो एकटा पडायचा, म्हणून कोणीतरी पाहिजे होतं. शांत स्वभावाचं, एवढीच अट.

वेंदुलाबाईंना खरं तर तिथल्या तिथे ‘नाही जमायचं’ म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, आधी घर बघते.

घर बघितलं आणि बाई न्हाणीघराच्या दारातच थबकल्या. टबाभोवती कुंड्याच कुंड्या. बायकोनं खिडक्यांत वाढवलेल्या सगळ्या वेली म्हाताऱ्यानं इथे आणून ठेवल्या होत्या. त्यांच्या फांद्या पाण्यात उतरल्या होत्या, त्यांना पांढरी मुळं फुटली होती, आणि त्या मुळांच्या झालरीतून तो सोनेरी, जाडजूड मासा सावकाश ये-जा करत होता. वरच्या बारीक खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता, तोही हिरवट होऊन. नळाची धार बारीक चालू होती. त्या उजेडात पाणी कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. बाई कमोडच्या झाकणावर बसल्या त्या बसल्याच, किती वेळ कोण जाणे. रादोवान दाराला टेकून उभा होता.

मग बाईंनी उसासा टाकला आणि खरं ते सांगितलं. याला सोबत द्यायची म्हणजे तळंच द्यायला हवं. छोटा मासा दिला तर हा गिळेल, मोठा दिला तर दोघं गुदमरतील, आणि एकटा ठेवला तरी हा या टबात फार दिवस काढायचा नाही. आत्ता नदीत सोडला तर गारठ्यानं मरेल. बर्फ वितळेपर्यंत न्हाणीघराचा हीटर बंद, खिडकी उघडी, पाणी गार, म्हणजे त्याला थंडीची सवय होईल. मग वसंतात बाईंच्या मावसभावाच्या तळ्यात सोडायचा, जिथे जाळं टाकत नाहीत.

‘‘आणि मग मी काय करू?’’ रादोवाननं विचारलं.

म्हाताऱ्याच्या दिवसात सकाळ एवढ्याचसाठी व्हायची, की टबाकडे जायचं असे. हे काढून घ्यायचं तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं, आणि ते चुकलं तर हा माणूस खचेल, हे वेंदुलाबाईंना लख्ख दिसत होतं. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी टाकी लावू.

आधी घर, मग बिऱ्हाड, ही बाईंची शिस्त. स्लावेकनं अडगळीतली जुनी लांबलचक टाकी दिली, हसल्याची भरपाई म्हणून. वाळू धुतली, नदीतली लाकडाची एक वाकडी मुळी उकळून आत ठेवली, आणि बाईंनी आपल्या टाकीतली झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली: मागे गवतासारखी उंच पाती, मुळीला दोऱ्यानं बांधलेली जावा फर्न, वर तरंगणारी बारीक पानं. मासा एकही नाही. म्हातारा टाकीत बघून म्हणायचा, इथे कोणीच राहत नाही. बाई म्हणायच्या, थांबा जरा, आधी झाडांना रुळू दे.

दरम्यान बाजारात त्यानं एक ऑस्कर मासा पसंत केला. मोठा, गंभीर, माणसासारखा टक लावून बघणारा. कार्पसारखाच. बाईंनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. हा पहिल्या आठवड्यात सगळी झाडं उपटेल आणि दुसऱ्यात बाकीच्यांना खाईल, म्हणाल्या. तुम्हाला तोच मासा पुन्हा हवाय, आणि तो मिळत नसतो. रादोवान दोन रविवार बाजाराकडे फिरकला नाही.

एप्रिलमध्ये कार्प तळ्यात गेला. लोणच्याच्या पिंपातून नेला, तळ्याचं पाणी पिंपात थोडं थोडं मिसळत दोघं काठावर बसून राहिली. मग पिंप कलतं केलं. कार्प क्षणभर उथळ पाण्यात थांबला, आणि शेपटी हलवून निघून गेला. मागे वळून बघायला तो काय माणूस होता? पण रादोवानचा चेहरा बघवेना.

त्याच आठवड्यात बाईंनी टाकीत बिऱ्हाड आणलं. तळाशी कोरींचा घोळका, मधल्या मजल्यावर लालसर टेट्रांचा थवा, आणि वर, तरंगत्या पानांखाली, मोती गुरामी: एक नर, तीन माद्या. अंगभर मोत्यांची नक्षी, आणि पोटाशी दोन लांब तंतू, ज्यांनी हा मासा वाटेत येईल ते चाचपत जातो. कुरतडणं नाही, भांडण नाही. अख्ख्या बाजारात याहून छान जमलेली इमारत कोणाकडे नव्हती, हे बाई शपथेवर सांगायला तयार होत्या.

आणि मे महिन्यात म्हाताऱ्याचा फोन आला. मासे परत घेऊन जा.

वेंदुलाबाईंचं टाळकंच फिरलं. तणतणत त्या चार जिने चढून गेल्या. बूट दारात काढले, पाहुण्यांसाठीच्या सपाता पायात सरकवल्या आणि आल्या आल्या विचारलं, काय वाईट आहे यांच्यात?

‘‘वाईट काहीच नाही,’’ रादोवान म्हणाला. ‘‘फार छान आहेत. त्यांचं त्यांचं मस्त चाललंय. मी असलो काय, नसलो काय.’’

बाईंचा राग तिथल्या तिथे उतरला. दुपारचं ऊन टाकीत तिरपं आलं होतं. पात्यांमधून ते हिरवं होऊन जमिनीवर, खुर्चीवर, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर हलत होतं. जीव गलबलला बाईंचा. चुकलो आपण, त्यांना वाटलं. मासे एकमेकांशी जुळवले, याच्याशी जुळवायचे राहिले.

त्यांनी खुर्ची टाकीपाशी ओढली, म्हाताऱ्याला बसवलं, त्याची बाही वर केली, झाकण काढलं आणि म्हणाल्या, बोट पाण्यात धरा. खायला काही द्यायचं नाही. हलायचं नाही.

कंटाळा येईपर्यंत काहीच झालं नाही. टेट्रा लांबून गेले. खाली कोरी वाळू हुंगत राहिले. मग पानांच्या सावलीतून नर गुरामी बाहेर आला, थांबला, अजून थोडा आला, आणि त्यानं एक तंतू पुढे करून रादोवानच्या बोटाला लावला. काढला. दुसरा लावला. नखावरून, पेरावरून, जुन्या व्रणावरून, सावकाश. म्हाताऱ्यानं श्वास रोखला होता.

‘‘हे काय करतोय?’’ त्यानं ओठ न हलवता विचारलं.

‘‘कोण आहात विचारतोय,’’ वेंदुलाबाई म्हणाल्या. ‘‘सांगा की.’’

त्या चेष्टेतच बोलल्या होत्या. पण रादोवान सांगायला लागला. हळू, पाण्याकडे वाकून. मी रादोवान, म्हणाला. सिग्नलवर होतो. इथेच राहतो, चौथ्या मजल्यावर. आणि मग जरा थांबून म्हणाला, माझ्या बायकोचं नाव ओतीलिया.

इतक्या महिन्यांत वेंदुलाबाईंनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. गुरामीचे तंतू अजून बोटावर होते आणि म्हातारा बोलत होता, ओतीलिया कशी हसायची, कशी रागवायची, शेवटी शेवटी काय म्हणायची. बाई आवाज न करता स्वैपाकघरात गेल्या आणि कॉफीसाठी पाणी ठेवलं. पाणी उकळलं, अर्धं आटलं, तरी त्यांनी गॅस बंद केला नाही, कारण बटणाचा खटका वाजला असता आणि त्याचं बोलणं तुटलं असतं.