विहिरीतला ढग

माझा आष्ट्याचा मामेभाऊ हळद पिकवतो आणि थापा लय मारतो. फोनवर आमचा एक खेळ चालतो: थाप आज, उत्तर उद्याच. झटपट उत्तरांचा मला वीट आलाय.

“विहिरीत ढग अडकलाय, लय जड हाय,” त्यानं लिहिलं. साताऱ्यात मी चित्रं काढत बसले, पण ढग दिवसभर डोक्यात तरंगत राहिला. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, “मोटर लावू नको, पाटानं उसात जाईल.”

अशा थापांची मी पुस्तिका केली, त्याच्याच हळदीत पानं रंगवून, हातानं शिवून, आणि त्याला पोस्टानं धाडली. तो ती बांधावर उन्हात उघडीच विसरला आणि मग फोटो पाठवला. रंग उडून पानं पांढरीफटक झाली होती.

“हे काय केलंस?” मी चिडून विचारलं.

उत्तर अर्थातच दुसऱ्या दिवशी आलं.

“ढग बाहेर आला बघ.”