आबांनी पास केलेली योगा मॅट

गेल्या शनिवारी संध्याकाळी इतवाऱ्याच्या बाजारात योगा मॅट घ्यायला गेले होते... आणि सोबत आमचे आबा. आबा म्हणजे माझे सासरे, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सारी उमर पॉवरलूमच्या कारखान्यात कापडाचा माल तपासून पास करण्यात गेली, त्यामुळे घरात साधा टॉवेल आला तरी तो आधी त्यांच्या अंगठ्याखालून जातो.

नवी मॅट घ्यायची वेळ आली ती माझ्याच शहाणपणामुळे. योगा सुरू केला तेव्हा ऑनलाइन एक मागवली होती... गुलाबी, जाडजूड, गादीसारखी मऊ. फोटोला भुलले, दुसरं काय!

वृक्षासनात पाय तिच्यात रुतायचा आणि मी दारू प्यायल्यासारखी डुलायचे. घाम आला की हात पुढे सरकत जायचे आणि नाक थेट जमिनीला. आमच्या लालबाग मोहल्ल्यातल्या सकाळच्या क्लासमध्ये सगळ्या बायका माझ्या मागे उभ्या राहायला बघायच्या, फुकटची करमणूक म्हणून.

आबांना नेलं ते खरं तर त्यांनी जरा घराबाहेर पडावं म्हणून. दिवाळीत हॉलमधल्या ओल्या टाइल्सवर ते घसरले होते. हाड नाही मोडलं, पण भीती बसली ती बसलीच... तेव्हापासून जमिनीवर बसणं बंद.

डॉक्टरांनी उठायची पद्धत सांगितली होती. आधी एका कुशीवर वळायचं, गुडघे आणि दोन्ही तळहात टेकायचे, मग एक पाय पुढे घेऊन उठायचं. आबांचं एकच म्हणणं, "अन् हात घसरला तर?"

आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, फोपनारला त्यांच्या पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आबांचं ते जन्मगाव. केळीच्या पानावर, खाली बसून पंगत ठरलेली. आबा आठ दिवस एकच धोशा लावून होते, "मी नाही येत बेटा. सगळे खाली बसतील अन् मी एकटा खुर्चीवर? आपल्याच गावात मेहमान बनून जेवू का?"

मला फार वाईट वाटत होतं. पण जबरदस्ती तरी कशी करणार...

तर दुकानात मी दोन मॅटमध्ये अडकले. एक जाड, एक जरा पातळ. दुकानदार जाड मॅट दाबून दाखवत होता, "दीदी, ये वाली एकदम सॉफ्ट है।" मी पुन्हा भुलायच्या बेतात होते, तेवढ्यात आबा पुढे सरसावले.

आधी मॅट उभी ताणली, मग आडवी. अंगठ्याने घासून रंग हाताला लागतो का ते पाहिलं, नाकाला लावून वास घेतला. जाड मॅट मिनिटभर दाबून सोडली तर खड्डा तसाच राहिला. "रहने दो भैय्या, ये तो अभी से थक गई," म्हणत ती बाजूला सारली.

मग पाणी मागितलं. मला वाटलं तहान लागली... आबांनी त्यात तळहात बुडवला आणि पातळ मॅटवर घासला. हात जागचा हलेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार दिवसांनी पाहत होते, कामावरच्या माणसाचा चेहरा!

"हातानं काय कळतं? वजन टाकून बघावं लागतं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी चपला काढल्या, काउंटर धरलं आणि मॅटवर चक्क गुडघे टेकून बसले. दोन्ही ओले तळहात पुढे ठेवले. अंगाचा सगळा भार दिला, इकडे हलवला, तिकडे हलवला.

दुकानदाराने घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं, मी हात पुढे केला. पण आबांचं लक्षच नव्हतं. एक पाय पुढे घेतला, तळहाताने रेटा दिला आणि उठले... आपले आपण!

उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माल पास."

मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. आपण आत्ता काय केलं ते तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चल, जलेबी खाऊ." मावा जलेबी खाताना दोघंही उगीचच हसत होतो.

रविवारी आबा फोपनारला निघाले तेव्हा काखेत माझी नवीकोरी मॅट. मी एकदाही वापरली नव्हती हो! पंगतीत सगळे सतरंजीवर आणि आबा निळ्या योगा मॅटवर, मांडीला मांडी लावून भावांच्या मधोमध. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी अशी हाणली की विचारू नका. जेवण झाल्यावर कुशीवर वळून, हात टेकून, कोणाचाही हात न धरता उठले. पोरांनी टाळ्या वाजवल्या तर म्हणे, "टाळ्या काय वाजवता? हात धुवायला पाणी आणा."

आता मॅट दोघांत एक. सकाळी क्लासला माझी, आठ वाजल्यापासून पेपर वाचायला आबांची. मधोमध वरणाचा पिवळा डाग पडलाय, तो काही केल्या जात नाही.

आज सकाळी अधोमुख श्वानासनात नाक नेमकं त्या डागाच्या वर आलं... हळदीचा आणि तुपाचा वास. घाम आला होता, पण हात तसूभर सरकला नाही. क्लासचे सर मागून म्हणाले, श्वासाकडे लक्ष द्या. मी मात्र आबांना मनातल्या मनात नमस्कार करत होते.