गोट्याखालची चार बोटं

गुडघ्याला तिळाचं तेल चोळलं की थेरगावची तालीम आठवते. कारखान्यातली पहिली शिफ्ट सुटल्यावर मी तिथं रोज तीनशे बैठका मारायचो आणि वहीत मांडायचो. दोन वर्षं झाली, तरी तिथला ताकद आजमावायचा दगडी गोटा माझ्याकडून जमिनीवरून नीट सुटत नव्हता. माझ्याच खात्यातल्या एका गावकरी मित्राने तो तालमीत आल्या पहिल्याच दिवशी खांद्यावर घेतला. "आमचा आजाबी उचलायचा, राव. माझं त्यात काय न्हाई," तो म्हणाला. मी वही गुंडाळून निघालो. "पळतो कुठं? उचल!" म्हणत त्याने मला गोट्यापाशी उभं केलं. मी गोटा उचलताच तांबड्या मातीला गाल टेकून त्याने गोट्याखालच्या फटीत हात सरकवला आणि ओरडला, "चार बोटं! लिही!" गोटा माझ्या खांद्यावर कधीच आला नाही. पण माझ्या ताकदीवर भरवसा ठेवून वजनाखाली बोटं घालणारा माणूसही नंतर भेटला नाही.