बिनचुन्याची पट्टी

माझ्या बायकोच्या कबरीवर मधोमध बोटभर रुंदीची एक पट्टी कित्येक वर्षं चुन्यावाचून राहिली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटे, ही काहीतरी नक्षी असावी. नक्षी कसली! ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींना चुना देतात. डावी बाजू मी देई, उजवी तिचा भाऊ. मध्यावर आलं की दोघांचेही कुंचले थांबत. तिथं हाताला हात लागायची भीती होती.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली ती माहेरी गेली आणि तापानं आजारी पडली. भावानं मला वेळेवर कळवलंच नाही. निरोप मिळाला तसा मी शिकवता शिकवता शाळेतून धावत सुटलो, पण नगरच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच ती गेली. तेव्हापासून मेव्हण्याशी मी बोलणं टाकलं.

एरवी मी भक्तिमान माणूस. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत एक अडचण होई. आमच्या मराठी प्रार्थनेत अपराधांच्या ओळीत 'क्षमा' हा भारदस्त शब्द नाही, 'सोड' असा साधा शब्द आहे. आम्ही दुसऱ्यांचं ऋण सोडलं, तसं तू आमचं सोड. नेमक्या त्या ओळीला मला खोकला येई; ईस्टरला आलेल्या मेव्हण्यालाही तो मागच्या बाकावर ऐकू जाई. मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई दर रविवारी माझ्यासाठी अडुळशाचा काढा आणत. मी तो निमूट पिई. खरं कारण सांगण्यापेक्षा काढा गोड होता.

लढाई संपली, त्यानंतरच्या ईस्टरची गोष्ट. बाकीचे लोक सकाळीच चुना देऊन गेले होते. भर दुपारी आम्ही दोघंच कबरीच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसलो होतो, तोच वावटळ उठली. डोळ्यांत माती गेली, तसे दोघंही हातातल्या कुंचल्यांसकट कबरस्तानातल्या अवजारांच्या खोलीत घुसलो. मागोमाग दार धाडकन लागलं आणि बाहेरची साखळी उडून कोयंड्यावर बसली. मुद्दाम फेकून बघा, बसायची नाही.

आत कुदळी, फावडी, शवपेट्या खाली सोडायचे दोर आणि वर तापलेला पत्रा. दोन माणसं उभी राहिली की खोली भरली.

"दाजी, आता कसं वं?" मेव्हणा म्हणाला.

"कुणीतरी येईल," मी भिंतीला सांगितलं. मी त्याच्याशी बोललो नव्हतो, हे इथं नोंदवून ठेवतो.

"कोन येतंय? समदी आता उद्या पहाटं उपासनेलाच."

म्हणजे पहाटेपर्यंत! मी दाराची आतली मूठ धरून ओढू लागलो. ओढलं, हिसडलं, पाय भिंतीला लावून ओढलं. घाम पायापर्यंत आला. दार हललं नाही.

मागून तो हळूच बोलू लागला. "वाटलं, ताप उतरंल. आज उतरंल, उद्या उतरंल... येड्यावानी बसून ऱ्हायलो. माझंच चुकलं, दाजी. दर सालाला सांगावं म्हनतो, पर तुमी पाठ फिरिवता."

आज पाठ फिरवून जायला जागा नव्हती. त्याला सुनवायचं भाषण मी वर्षानुवर्षं घोटून ठेवलं होतं, पाळकसाहेबांच्या उपदेशाइतकं लांब. त्यातलं एक वाक्य आठवेना. आठवलं ते तिचं कोपर. घरच्या प्रार्थनेत भूक लागली की मी घाईनं आमेन म्हणे आणि ती मला कोपरानं ढोसे. पुरतं म्हणा, असा त्याचा अर्थ. मी आपला मूठ घट्ट धरून उभा.

"आवं, तुमी वढून धरलंय म्हनून साखळी ताठ झालीया," तो म्हणाला. "फळीच्या भेगेतनं मी कुंचल्याची दांडी घालून ती उडिवतो. पर तुमी सोडा."

मी धरूनच होतो.

"दाजी, सोडा की!"

इतकी वर्षं ज्या शब्दावर मी खोकत आलो, तो याच्या तोंडून आला होता. प्रभूला विनोद कळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझी बोटं आखडली होती, एकेक करून उघडावी लागली. मूठ सुटली. मेव्हण्यानं भेगेतून कुंचल्याची दांडी घालून साखळी उडवली. उजेड आत आला आणि मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. तो बाहेर गेला नाही. शेजारी उभा राहिला.

बादलीतला चुना निम्मा वाळला होता. मधली पट्टी कुणी द्यायची यावर "तुम्ही द्या", "न्हाई, तुमी द्या" असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघांनी मिळून दिली, ती जाड-बारीक झाली.

मग तिच्या उशाशी उभे राहून आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. ती ओळ आली. माझा आवाज फाटला, पण ओळ पुरी झाली. आमेननंतर मेव्हण्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"खोकला बरा झाला म्हना की, दाजी!"