काशामिस्त्री आणि दोन सीटची सायकल

सायकलच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, जुने नट आणि किस्से! नट निदान डब्यात तरी राहतात. शहापूरच्या बाजारात आमच्या रघुशेठचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. शाळा सुटली की माझा मुक्काम तिथल्या बाकावर. पंचावन्न-साठ सालातल्या या गोष्टी, पण दोन सीटच्या सायकलचा विषय निघाला की मला अजून राहवत नाही.

*

दुकानाचा जीव म्हणजे काशामिस्त्री. लहानपणीच्या आजारात डावा पाय वाळलेला, काठी टेकत चालायचा. तालुक्यातल्या निम्म्या सायकली त्याच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः जन्मात एकही चालवलेली नाही! दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकालाच चक्कर मारायला लावायचा आणि आपण डोळे मिटून ऐकायचा.

एकदा एक नवे ओव्हरसियर वैतागले. "अरे, डोळे मिटून कसली दुरुस्ती करतोस?"

काशा म्हणाला, "सायेब, मागल्या चाकाचा येक स्पोक ढिला हाय. आनि तुमच्या खिशात अडकित्ता वाजतो तो आदी काडा. मना ऐकू येत नाय!"

त्याला आटगावला बहिणीकडे जायचं झालं की आमच्यापैकी कोणीतरी कॅरियरवर बसवून न्यायचं. एकदा तो बोलून गेला, "मास्तर, भाताचा पोता नि मी, दोगं सारकंच. येकदा मना सोता पेडल मारीत ताईच्या दारात जायचाय." मला फार वाईट वाटलं.

*

मुरबाडच्या एका भातगिरणीच्या पडवीत दोन सीटची सायकल धूळ खात पडली आहे, असं कानावर आलं. मीच रघुशेठच्या मागे लागलो. "मागच्या सीटवर काशा बसेल, तोल पुढचा सांभाळेल!" आम्ही तिघं मुरबाडला गेलो, सौदा ठरला. पण मागच्या सीटला बांधलेल्या टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली!

गिरणीवाल्याची म्हातारी आई आडवी आली. "कोंबडी उठल्याबिगर गाडी हलायची नाय."

रघुशेठ म्हणाले, "आजी, टोपली तेवढी सोडून खाली ठेवतो ना."

"तुमच्या घरात बाळंतीण असती, तर तिची खाट हलवली असती का?"

रघुशेठनी टोपलीवरचा हात काढून घेतला. पिलं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे थांबलो आणि मग गाडी ताब्यात मिळाली.

*

गाडीला ना टायर ना चेन, तेव्हा ती एसटीच्या टपावरून आणायची ठरली. कंडक्टर तिच्याभोवती दोनदा फिरला.

"सीटा दोन, हँडल दोन, पेडलं चार! लगेज एका सायकलचं लावू का दोघींचं?"

काशा म्हणाला, "मास्तर, घंट्या किती?"

"एकच!" मी म्हणालो.

"मंग येकाच सायकलचं लावा."

कंडक्टरने एकच तिकीट फाडलं.

*

पुढे महिनाभर काशा तिच्यापुढे मांडी ठोकून होता. रॉकेलने गंज काढला, सीटला चामडं चढवलं. पुढची पेडलं मागच्या पेडलांना जोडणारी लांब चेन कुठे मिळेना. त्याने दोन जुन्या चेन जोडून एक केली. मग चारही पेडलं एकदम फिरायला लागली.

"टिकेल का रे?" मी विचारलं.

"टिकंल. पुडचा मानूस जोर लावतो तवर ही चेन ताठ, नि ताठ चेन मुकी. त्यानं जोर सोडला का ती ढिली पडते नि बडबडते."

रघुशेठ म्हणाले, "अगदी मास्तरांसारखी. हाताला काम नसलं की बडबड!"

*

पहिला मान अर्थातच रघुशेठचा. ते ऐटीत मागच्या सीटवर बसले. "गाडीवान पुढे, मालक मागे! बैलगाडीत कसं असतं?"

मी पुढे बसून पेडल मारलं आणि मागची पेडलं त्यांच्या नडग्यांवर सटासट बसायला लागली. ते हँडल फिरवून गाडी वळवायला बघत होते, पण मागचं हँडल मुळी फिरतच नाही. शेवटी ओरडले, "थांबव! मालकालाही राबवणारी गाडी आपल्याला नको!"

पुन्हा ते कधी तिच्यावर बसले नाहीत.

*

एकदा मी बायकोला मागे बसवून बाजारातून नेलं. तिला पुढचं काही दिसेना. घाबरून ओरडली, "अहो, थांबा!"

दोन सायकलवाले थांबले, एक बैलगाडी थांबली, दारातला शिंपीसुद्धा मशीन थांबवून बघायला लागला. मी तेवढा थांबलो नाही. लग्नाला बारा वर्षं झालेली!

*

आणि मग एका रविवारी काशा मागे बसला. डावा पाय जुन्या ट्यूबच्या पट्टीने पेडलला बांधला, काठी दांड्याला. पुढे मी. मनात म्हटलं, बिचाऱ्याच्या मनासारखं होऊ दे, ओढायचं काम आपण करू.

सपाटीवर मी जीव खाऊन पेडल मारलं. आटगावच्या अलीकडे चढ लागला आणि माझी छाती भरून आली. पण थांबू या म्हणायचं कसं? पेडलं फिरतच होती. मी गुपचूप जोर सोडला आणि पाय नुसते पेडलांबरोबर फिरू दिले. वाटलं, आता गाडी थांबणार. थांबली नाही! चढ संपेपर्यंत मी तोंडाने मात्र "हुश्श, हुश्श" करत राहिलो.

बहीण अंगणात भात पाखडत होती. सूप तसंच हातात धरून उभी राहिली. "अगो बाय! काशा पेडल मारीत आला!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मग ती मला म्हणाली, "मास्तर, लय उपकार झालं तुमचं. येवड्या चढावर माज्या भावाला ओढीत आणला!"

"छे छे, त्यात काय!" मी घाम पुसत म्हणालो.

काशा पायाची पट्टी सोडवत होता. मान वर न करता म्हणाला,

"ताई, मास्तरांना आदी पानी दे. चढावर पुडची चेन लय बडबडली!"