रुपयावरचे पालथे सिंह

सदाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्याला आता सहा आठवडे होतील. त्याआधी वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते... आणि तेही कशावरून, तर एका रुपयावरून!

सदाकाका म्हणजे माझ्या अप्पांचे जिवलग दोस्त. अप्पांचं साताऱ्यात गॅरेज, काकांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावलेलं भिंग. घड्याळं कमी होत गेली तसा त्यांना टाकसाळीत चुकलेली नाणी हुडकायचा नाद लागला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लोक लाखांची स्वप्नं घेऊन यायचे. काका नाणं भिंगाखाली धरायचे आणि म्हणायचे, "पावणं, ह्ये टाकसाळीत न्हाई चुकलं, तुमच्या पोरानं रुळावर ठेवलंय!" वर त्यालाच चहा पाजायचे. मला या प्रकाराचं भारी कुतूहल. कसं ओळखता, म्हणून मी पिच्छाच पुरवायची.

"चूक जन्माची का मागनं लागलेली, एवढंच बघायचं," ते सांगायचे. "शिक्का मारतानाच नाणं सरकलं, तर उरलेली जागा कोरी, गुळगुळीत ऱ्हाती. मागनं मार बसला, तर मूळची नक्षी खाली चेंगरलेली घावतीच. वरचं कुणीबी बघतंय. खालचं हुडकायचं."

आता माझ्या रुपयाबद्दल. मी डावरी. लहानपणी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढायची आणि बाईंच्या छड्या खायची. एकदा शाळेत जाणारच नाही म्हणून अडून बसले, तेव्हा अप्पांनी माझ्या हातावर एक रुपया ठेवला. एका बाजूला नेहमीचे सिंह. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण खोलगट आणि उलटे. 'भारत'सुद्धा उलटं! "बघ मालू, सरकारच्या टाकसाळीतनंपण एखादं उलटं निघतं. त्याचं मोल जास्त. पण कुणाला दाखवू नको, नजर लागंल." त्या रुपयाच्या जोरावर मी शाळा पुरी केली, डी.एड. झाले, मास्तरीण झाले.

अप्पा गेल्यावर मात्र राहवेना. रुपया घेऊन सांगलीला गेले. विकायचा नव्हता हो, अप्पांचा शब्द खरा आहे एवढंच ऐकायचं होतं. काकांनी भिंग लावलं. चहा निवला तरी मान वर होईना.

"मालू, ह्ये... मागनं केलेलं हाय," ते शेवटी म्हणाले. "सिंहांच्या खाली बघ. एकचा आकडा चेंगरलेला दिसतोय न्हवं? टाकसाळीची चूक असती तर आकडा उमटलाच नसता. दुसरं नाणं वर धरून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलंय."

"म्हणजे माझे अप्पा खोटं बोलले?"

"पोरी, ऐक तरी..."

पण मला मेलीला राग नाकावर! रुपया उचलला आणि तडक स्टँड गाठलं. मागाहून त्यांचे फोन आले, तेही घेतले नाहीत.

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेले. त्यांनी घड्याळाच्या सुट्या भागांची एक डबी माझ्यापुढे सरकवली. आत एक रुपया होता.

"तुज्या अप्पांनी आन् ह्यांनी गॅरेजात दोन रुपये आवळले हुते, तुज्यासाठी," काकू म्हणाल्या. "एक तुला दिला, एक ह्यांनी ठेवला. कुनी केलं त्ये पोरीला कदी सांगायचं न्हाई म्हनून अप्पांनी शपथ घातली. तू नानं आणलंस आन् ह्यांची पंचाईत झाली बघ. नान्याबद्दल खोटं बोलवंना आन् शपथ मोडवंना. दोन दिस जेवले न्हाईत."

मी काकांचं भिंग डोळ्याला लावलं. त्या रुपयावरचे सिंह चपटे झाले होते आणि त्यांच्या अंगावर एकचा आकडा पुसट रुतला होता. पर्समधला माझा रुपया काढून त्यावर धरला... दोन्ही एकमेकांत अचूक बसले. काकूंसमोर हमसून हमसून रडले मी.

काकूंनी डबी आणि भिंग दोन्ही मलाच दिलं. बाजारात विचाराल तर दोन्ही रुपये खराब, फुटकी कवडीही कुणी जादा द्यायचं नाही. रोज शाळेतून आले की डबी उघडते, भिंग लावते, तो चेंगरलेला आकडा बघते. "पोरी, ऐक तरी..." एवढंच कानात येतं. बोला काका, आता मी कुठं जात नाही.